चर्चच्या छोट्या शाळेत मूल घालताय? आधी मराठीचे विचारा

गोव्यात डिचोली, फोंडा, बार्देश या बाजूच्या मराठी वाचणाऱ्या घरांत मूल तीन वर्षांचे झाले की एक चर्चा हमखास सुरू होते. सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा पट उतरलेला, शहरातल्या मोठ्या शाळेत प्रवेश कठीण, आणि गावातच चर्चला लागून छोटी शाळा आहे. घालावे का तिथे? मग प्रश्न निघतात: प्रार्थना म्हणायला लावतात का? कपाळाला टिकली चालते का? घरी येऊन क्रॉस करायला लागला तर? या प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत, खाली दिली आहेत. पुढे तिसरी-चौथीत घरात खरी चणचण भासते ती मराठीची, आणि प्रवेशाचा फॉर्म भरताना तिचे नाव क्वचितच कोणी काढते.

आधी शाळा कोणाची ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. गोव्यातल्या कॅथलिक शाळा दोन तऱ्हेच्या. एक, चर्चची म्हणजे पॅरिशची शाळा. ती बहुधा डायोसिसन सोसायटी ऑफ एज्युकेशन या गोव्याच्या धर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेच्या छत्राखाली चालते. तिचे मॅनेजर त्या चर्चचे विगार म्हणजे मुख्य फादर असतात आणि रोजचा कारभार मुख्याध्यापिका पाहतात. दुसरी, एखाद्या धर्मसंघाची. म्हापशाची सेंट ब्रिटो, मडगावची लोयोला या जेझुइटांच्या आणि पणजीची डॉन बॉस्को सालेझियनांची ही मोठी उदाहरणे. सिस्टरांच्या कॉन्व्हेंटला जोडलेल्या लहान शाळाही याच प्रकारातल्या. फरक कुठे जाणवतो? पॅरिशच्या शाळेतल्या बहुतेक टीचर आजूबाजूच्याच गावांतल्या असतात, त्या वर्षानुवर्षे टिकतात, आणि बदलतात ते फादर. सिस्टरांच्या शाळेत मुख्याध्यापिकाच बदलून जाऊ शकते. तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा इमारतीपेक्षा पहिली ते चौथीच्या टीचर किती वर्षे तिथे आहेत ते विचारा. छोट्या प्राथमिक शाळेत एक टीचर एका वर्गाचे जवळजवळ सगळे विषय घेते. ती चांगली असेल तर वर्ष चांगले जाते.

आणखी एक. केजी आणि पहिली एकाच आवारात असली तरी हिशेब वेगळा असतो. पहिलीपासून शाळा अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार सरकार देते. केजीला साधारणपणे अनुदान नसते, तिथल्या टीचरांचा पगार पालकांच्या फीतून निघतो. त्यामुळे केजीची फी पहिलीपेक्षा जास्त कशी, असा वाद ऑफिसात घालू नका.

आता धर्माचे. संविधानाचे कलम २८(३) सांगते की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत, मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, त्याला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. व्यवहारात बहुतेक शाळांनी हे आधीच सोडवलेले असते. कॅथलिक मुले दोतोर्नीला म्हणजे कॅटेकिझमला बसतात, त्याच तासाला बाकीच्यांना मूल्यशिक्षण. शाळेच्या फेस्ताला म्हणजे सणाला मिस, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, असते तेव्हा इतर मुले वर्गात थांबतात, नाहीतर चर्चमध्ये मागच्या बाकांवर शांत बसतात. सकाळच्या असेंब्लीतली प्रार्थना मात्र सगळ्यांची एकत्र असते, आणि तीन वर्षांचे मूल शेजारी उभ्या मुलाचे बघून क्रॉस करणारच. आजी दचकते, महिन्याभरात सवयीने सोडून देते. तुम्हाला खरोखर नको असेल तर वर्ष सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापिकेला चार ओळींचा अर्ज द्या: मुलाचे नाव, इयत्ता, कशात बसवू नये, सही. वर्षाच्या मध्यात तोंडी तक्रार केली तर ती टीचरवर आरोप केल्यासारखी ऐकू येते आणि विनाकारण कडवटपणा येतो.

टिकली, बांगड्या, मेंदी, केसांतली आबोली यांचे नियम शाळेच्या कॅलेंडरमध्ये म्हणजे त्या छापील डायरीत असतात. ती डायरी पालक वाचत नाहीत. मेंदीवरून खटका उडतो तो बहुतेक चवथीनंतर म्हणजे गणेशचतुर्थीनंतर किंवा घरातल्या लग्नानंतर. रजेच्या चिठ्ठीतच लग्नाचे कारण आणि हाताला मेंदी असल्याचे लिहिले की काम भागते. चवथ आणि दिवाळीच्या सुट्ट्या शिक्षण खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे सगळ्याच शाळांना मिळतात. गावची जत्रा, देवळातला सप्ताह यांना मिळत नाहीत. त्या दिवशी चाचणी आली तर आठवडाभर आधी चिठ्ठी द्या. वर्गात पंचवीस मुले असतील तर टीचर एकट्याची चाचणी नंतर घेऊ शकते, पन्नास असतील तर नाही. लहान शाळेचा हा खराखुरा फायदा.

डब्याचेही विचारतात म्हणून सांगतो. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत माध्यान्ह आहार येतो, गोव्यात तो स्वयंसाहाय्य गट आणि महिला मंडळे पुरवतात, पावभाजी-पुलाव असा असतो आणि शाकाहारी असतो. प्रश्न येतो तो मुलांनी एकमेकांचा डबा खाण्याचा. घरात मांस वर्ज्य असेल तर 'खाऊ नको' एवढेच शिकवून पाच वर्षांच्या मुलाला चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, ओळखता येत नाही. 'आधी विचार, यात काय आहे' हे शिकवा, आणि वर्गटीचरला एकदा सांगून ठेवा. बाकी मुले आपले आपण निभावतात.

तर मराठी.

थोडा इतिहास लागेल, कारण आजची अडचण त्यातून आली आहे. १९९० मध्ये, शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळांना अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमालाच असे धोरण ठरले. चर्चच्या इंग्रजी प्राथमिक शाळांनी तेव्हा कोकणी माध्यम घेतले, तेही देवनागरीत. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची वाट मोकळी केली, भाषा सुरक्षा मंचाचे मोठे आंदोलन झाले, आणि २०१२ मध्ये आलेल्या पर्रीकर सरकारने चर्चच्या शाळांचे अनुदान चालू ठेवले. शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. पण वीसेक वर्षांत तयार झालेला शिक्षकवर्ग कोकणीचा होता, आणि तो योग्यच होता, कारण त्यांच्या गावातल्या मुलांची घरची भाषा ती. परिणाम असा की आज अशा इंग्रजी प्राथमिक शाळेत देशी भाषेचा जो एक विषय असतो तो बहुतांशी कोकणी. मराठी पर्याय म्हणून कागदावर असेल, वर्गात असेलच असे नाही.

म्हणून मुख्याध्यापिकेला भेटाल तेव्हा हे विचारा, आणि याच क्रमाने. पहिली ते चौथीत मराठी विषय प्रत्यक्ष शिकवला जातो का? नसेल तर याच व्यवस्थापनाच्या हायस्कुलात पाचवीपासून आहे का? तिथे गेल्या वर्षी किती मुलांनी मराठी घेतली? मराठीचा शिक्षक कायम आहे की लेक्चर बेसिसवर? शेवटचे दोन प्रश्न उद्धट वाटतील, पण उत्तर त्यांच्यातच आहे. हायस्कुलात कोकणी आणि मराठी यांचा तास बहुधा एकाच वेळी असतो, वर्ग दोन खोल्यांत विभागला जातो. मराठीच्या खोलीत सहा मुले उरली आणि शिक्षक निवृत्त झाला की तो विषय चालू ठेवणे शाळेला जड जाते. मग आठवीत मुलाला कोकणी किंवा दुसरी कुठली भाषा घ्यावी लागते, दहावी दोन वर्षांवर असताना. दोन-चार मराठी घरांनी मिळून आधीच लेखी मागणी केली तर शाळेलाही खात्याकडे शिक्षक मागायला आधार मिळतो. एकट्याने जाऊन काही होत नाही.

कोकणी विषय घेतला तर बिघडते काय? इथे दोन घरे वेगळी धरावी लागतात. पहिले घर मूळ गोव्याचे: बोलणे कोकणीत, आरत्या, भजन, पेपर, नाटक मराठीत. या मुलाला कोकणी विषय सोपा जातो, गुणही पडतात. पण दहा वर्षांनी ते 'गोमन्तक' किंवा 'तरुण भारत'चा अग्रलेख वाचू शकत नाही, आणि सप्ताहात अभंगाची वही हातात घेऊन नुसते टाळ वाजवते. दुसरे घर सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगावकडून नोकरीला आलेले, घरात मराठीच. या मुलाला लिपी येते म्हणून पालक निर्धास्त राहतात, आणि पहिल्याच चाचणीत वही लाल होऊन येते.

लाल का होते ते नेमके सांगतो. मूल कोकणीच्या वहीत 'हें म्हजें घर' ऐवजी 'हे माझे घर' लिहिते, 'घर व्हड आसा' ऐवजी 'घर मोठे आहे'. नपुंसकलिंगी शब्दांवरचे अनुस्वार गाळते. लहान मुलीला कोकणीत नपुंसकलिंग लागते, ते त्याला पटतच नाही, 'तें आयलें' लिहायचे तिथे 'ती आली' लिहिते. उलट, पहिल्या घरातले मूल घरी मराठी लिहायला बसले की हेच अनुस्वार मराठीत पेरते आणि 'आहे'च्या जागी 'आसा' घालते. दोन्ही भाषा एकाच वेळी लिहायला शिकवल्या तर ही सरमिसळ पक्की होते. त्यामुळे दुसरी संपेपर्यंत घरी मराठी फक्त वाचून घ्या, लिहून घेऊ नका. शाळेची कोकणी लिहिण्यात स्थिरावली की तिसरीपासून मराठी लेखन सुरू करा, वही वेगळी ठेवा, जमल्यास वेगळ्या रंगाचे कव्हर घाला.

वाचायला काय? महाराष्ट्राच्या बालभारतीची पहिलीपासूनची पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. शाळेच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता मागचे घ्या. रोज वीस मिनिटे: दहा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचायचे, दहा मिनिटे तुम्ही. जोडाक्षरांत पहिल्यांदा अडते ते रफाराला आणि 'ऱ्य'ला, तिथे घाई नको. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथल्या मुलांच्या विभागात शनिवारी एक चक्कर मारली तर आठवड्याची सोय होते. शिकवणी लावून मराठी येईल ही आशा सोडा. आपल्याकडच्या शिकवण्या परीक्षेच्या विषयांच्या असतात.

याला एक जुनी गोमंतकीय वाट आहे, आणि मराठी घराला माझ्या मते तीच जास्त झेपते: पहिली ते चौथी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत, पाचवीला चर्चच्या हायस्कुलात. गोव्यात प्राथमिक चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून, त्यामुळे हा सांधा व्यवस्थेतच आहे. मूल चार वर्षांत मराठी लिहायला-वाचायला पक्के शिकते, नंतर इंग्रजी माध्यमात जाते. अडचणी दोन. चर्चच्या हायस्कुलात आपल्याच प्राथमिक शाळेतून येणाऱ्यांना आधी जागा मिळते, उरलेल्या जागांसाठी तुम्ही. म्हणून चौथीच्या दिवाळीनंतर लगेच चौकशी करा, निकालाची वाट बघत बसू नका. दुसरी अडचण पाचवीच्या पहिल्या सहामाहीची. हुशार मूल गणितात चाळीसवर येते आणि घर हादरते. गणित त्याला येत असते, भाषा येत नसते.

ती तयारी चौथीच्या उन्हाळी सुट्टीत होते. संख्यांपासून सुरुवात करा. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, इंग्रजीत फॉर्टी सेव्हन म्हणताना चाळीस आधी. श्रुतलेखनात मूल सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर लिहिते ते यामुळे. रोज वीस संख्या इंग्रजीत बोलून आकड्यांत लिहून घ्या, तीन आठवडे पुरतात. देवनागरी अंकांची सवय असेल तर चार आणि इंग्रजी आठ, पाच आणि इंग्रजी चार यांची गल्लत होते, त्याकडे लक्ष ठेवा. मग शाब्दिक उदाहरणांतले शब्द: सम, डिफरन्स, प्रॉडक्ट, कोशन्ट, रिमेंडर, इच, टुगेदर, लेफ्ट, शेअर्ड इक्वली. हे पंचवीस-तीस शब्द आले की निम्मे गणित सुटते. पाढे मात्र मराठीतच राहू द्या. 'बे एके बे'च्या चालीवर तीसपर्यंत पाठ केलेले मूल मनात मराठीत गुणते आणि कागदावर इंग्रजीत उत्तर लिहिते, त्यात काहीही वावगे नाही. ते मोडून इंग्रजी टेबल्स घोकायला लावणारे पालक मुलाचा वेग स्वतःच्या हाताने कमी करतात. परिसर अभ्यासासाठी दोन रकान्यांची वही करा, डावीकडे बाष्पीभवन, उजवीकडे इव्हॅपोरेशन, रोज पाच शब्द. जुलैच्या अखेरीस वर्गटीचरला भेटून फक्त एवढे विचारा: मूल प्रश्न समजून चुकते की न समजून?

पैशाचे थोडक्यात. अनुदानित वर्गांना शिकवण्याची फी नसली तरी पालक-शिक्षक संघाची वर्गणी, स्पोर्ट्स, गॅदरिंगचा पोशाख, सहल, फेस्ताची कूपने हे येत राहते. कूपनांची पुस्तिका विकली नाही तर परत करता येते, स्वतः सगळी विकत घेण्याची सक्ती नसते. प्रत्येक रकमेची पावती मागा. पावतीवर शाळेचे नाव आहे की संघाचे ते बघा, कारण संघाच्या पैशाचा हिशेब वार्षिक सभेत पालकांना विचारता येतो. त्या सभेला निम्मे पालकही येत नाहीत आणि नंतर व्हॉट्सॲपवर हिशेब मागतात. इथे एक कायदेशीर गोष्ट. पुष्कळ पालक शिक्षण हक्क कायद्याचे कलम घेऊन ऑफिसात जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक संस्थांना (चर्चच्या शाळा त्यांतच येतात), अनुदानित असोत वा नसोत, त्या कायद्याच्या बाहेर ठेवले. ऑफिसातल्या क्लार्कला हे माहीत असते, तुम्हाला नसते, आणि पहिल्याच वाक्यात तुमची बाजू पडते. १९८४ चा गोवा शालेय शिक्षण कायदा, त्याचे १९८६ चे नियम आणि अनुदानाच्या अटी यांवर बोट ठेवा.

छोट्या शाळेची खरी अडचण तक्रारीच्या वेळी कळते. एका इयत्तेला एकच तुकडी. एखाद्या मुलाशी किंवा टीचरशी जमले नाही तर तुकडी बदलून मागता येत नाही, निनावी काही राहत नाही, आणि ती टीचर तुमच्या शेजाऱ्यांची नातलग निघते. म्हणून पायऱ्या सोडू नका. आधी वर्गटीचर, ओपन डेच्या रांगेत नव्हे, वेगळी वेळ मागून. मग मुख्याध्यापिका, लेखी, आणि प्रतीवर तारखेसह आवक शिक्का. मग मॅनेजर फादर. पॅरिशची शाळा असेल तर त्यानंतर पणजीला डायोसिसन सोसायटीचे कार्यालय, आणि समांतर तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी. मारण्याचा प्रकार असेल तर मात्र या पायऱ्यांची वाट पाहायची गरज नाही. २००३ च्या गोवा बाल कायद्याने शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ असावा.

फादर बदलले की शाळेचा सूर बदलू शकतो. एकाला खेळाची आवड, दुसऱ्याला शिस्तीची, तिसरा मैदानाला कुंपण घालतो. जुन्या फादरनी तोंडी दिलेली कबुली नव्यांना बांधत नाही. मराठीचा तास सुरू करू, बालरथची म्हणजे शाळेच्या बसची फेरी तुमच्या वाड्यापर्यंत नेऊ, अशी आश्वासने मिळाली की संघाच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

शेवटी कागद. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखला, आधार आणि फॉर्म यांवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव यांचे इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखे असू द्या. गावकर, नाईक, परब असली साधी आडनावेही इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात, आणि केजीच्या रजिस्टरात पडलेली चूक दाखल्यावरून हायस्कुलात आणि तिथून बोर्डाकडे जाते. जन्मदाखल्यात चूक असेल तर आधी तो दुरुस्त करा, मग शाळेत जा. मूळ दाखला ऑफिसात ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवून परत घ्या. पाचवीला शाळा बदलताना लिव्हिंग सर्टिफिकेट हातात पडले की तिथेच उभे राहून वाचा: नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आईचे नाव. नववी-दहावीत शाळा बोर्डाला पाठवण्याच्या यादीवर सही मागते तेव्हाही ती मुलाने एकट्याने करून येऊ नये.